मामीच्या कपडे वाळवायच्या तारेची चौकशी

लोमिएपलीकडचं जंगल, तिसरा तळ,
शनिवार, पाऊस उघडल्यावर

आदरणीय मेकोकमामा,

तुमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा अपोलिनेर तुम्हाला गुडघे टेकून नमस्कार करतो. (गुडघे टेकलेलेच आहेत, तळावर खुर्ची एकच, आणि ती डॉक्टरीणबाईंची.) तुमची कंबर कशी आहे? यंदाची माडी बरी उतरतेय ना? उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून मामी तुमच्या शर्टाची बटणं लावून द्यायची, ती अजून देते की कंटाळली बिचारी? आणि हो, मामीची कपडे वाळवायची तार कशी आहे? गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात की तिचे कपडे चिखलात पडतात, आणि माझा जीव असा हळहळला की लोमिएच्या बाजारातून चांगली वीस मीटर पोलादी तार आणून दिली. कपडे वाळत असतील खडखडीत. (मामी, पत्र तूच वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे. इथे थांबू नकोस, पुढे वाच.)

मामा, तुम्ही गावभर सांगत सुटलाय की भाचा गोरिला मोजतो. छे हो! गोरिला आम्हाला दिसतोय कुठे? आम्ही त्यांची अंथरुणं मोजतो. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या मोडून, पाला दाबून नवं अंथरूण करतो, सकाळी त्यावरच घाण करून निघून जातो. चिंपांझी तोच उद्योग झाडावर करतो. आपण अंथरुणं मोजायची, घाण न्याहाळायची आणि अंथरुणाला एक जीव धरायचा. (याच रीतीने कोणी आपलं गाव मोजलं तर तुम्ही एकटेच तिघे भराल: एक घरात, एक माडीच्या झाडाखाली, आणि एक प्रार्थनेला जातो म्हणून जिथे जाता तिथे.) चालायचं मात्र सरळ रेघेत. रेघ तिकडे राजधानीत, याउंदेला, कोणीतरी पंख्याखाली बसून नकाशावर पट्टीने मारलेली. दलदल आली तरी वळायचं नाही. पुढे होकायंत्र घेऊन आमच्या प्रमुख ओंदुआ डॉक्टरीणबाई, मागे बाका जमातीचा म्हातारा लेबो (हा जंगलाचा माग काढतो आणि बोलण्याचा कंटाळा करतो), त्यामागे वही घेऊन मी आणि मग ओझी वाहणारे चौघे. मंगळवारी रेघ मुंग्यांच्या वारुळावरून गेली. मी पँट काढून झाडावर चढलो, तर बाई खालून म्हणतात, "अपोलिनेर, तू रेघ सोडून चार मीटर डावीकडे गेलायस!" वहीत 'धोके' असा एक रकाना आहे. मी त्यात मुंग्या, दलदल आणि बाईंनी स्वतः शिजवलेला भात असं प्रामाणिकपणे भरलं. बाईंनी सगळं खोडलं. म्हणाल्या, "धोके गोरिलांना. तुला नाही."

असो. एवढी मोजणी नीट पार पडली की मला कायम करणार आहेत. अट एकच, आमच्या घरात कोणी जंगलात जनावरांसाठी फास लावत नाही असं मी गावप्रमुखासमोर शपथेवर लिहून दिलंय. तुम्ही तेव्हा माझ्या शेजारीच उभे होतात, आणि माझ्यापेक्षा जोरात मान हलवत होतात.

तर बुधवारी आम्हाला सात अंथरुणं सापडली. सहा अगदी गोल, दाबून बसवलेली. सातव्याच्या फांद्या एकाच बाजूने मोडलेल्या, दुसरीकडे नुसता उघडा चिखल. लेबो त्याच्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "ही एका हाताने अंथरूण घालते." वीस पावलांवर एक रोपटं अर्धं उपटलेलं होतं. त्याला पोलादी तार बांधलेली आणि पुढे तुटलेली. फास हातात रुतलेला घेऊन ती मादी निघून गेली होती.

आपल्याकडे शिकारीवरून भांडण नको म्हणून जो तो आपली गाठ वेगळी मारतो, हे बाईंना पक्कं माहीत. त्यांनी ती गाठ सगळ्यांपुढे धरली. "कोणाची ही? नाव कळलं की मालक तुरुंगात." सगळे आभाळाकडे बघायला लागले. डावीकडून तीन पीळ आणि उलटा अडकवा, उजव्या हाताला दोन बोटं कमी असलेला माणूसच अशी गाठ मारील. मी म्हणालो, "बाई, असली गाठ मी जन्मात पाहिली नाही." आणि तेवढ्यात पाऊस आला. ताडपत्री बांधायला सगळे धावले, मीही धावलो, आणि बांधून मागे सरून बघतो तर काय! माझ्या हातांनी मला न विचारता तीच गाठ मारलेली. लहानपणी तुमच्याकडूनच तर शिकलो, दुसरी येतेय कुठे?

लेबोने पाहिलं. माझी गाळण उडाली. पण म्हातारा शांतपणे ओझेवाल्यांना म्हणाला, "ही घट्ट बसते रे. अपोलिनेर, शिकव सगळ्यांना." बाई कपडे बदलून येईपर्यंत तळावरच्या सगळ्या दोऱ्यांना तुमची गाठ लागली होती! बाईंनी एकदा दोऱ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी माझ्याच अक्षरात लिहिलं: 'फास एक. गाठ या भागात सर्रास आढळते. मालक अज्ञात.' लाज वाटली मामा, पण लिहिलं.

तर इकडे सगळं क्षेम आहे. तुमच्या माडीत माझा वाटा ठेवा, रागात ठेवलात तरी चालेल.

तुमचा भाचा,
अपोलिनेर

ता. क. मामी, गेल्या खेपेला तुझे कपडे कसाव्याच्या झुडपांवरच वाळत होते ते मी पाहिलं होतं. तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. उरलेली तार कुठे कुठे आहे ते तुझ्या शेजारी बसून आता खोकत असलेल्या माणसाला विचार. त्यांना घेऊन जा, एकूण एक काढून आणा, आणि खरोखरच कपडे वाळत घाल. येत्या गुरुवारी वनरक्षक त्या वाटेने जाणार आहेत. दुसऱ्यांदा मी 'अज्ञात' लिहिणार नाही.

पुन्हा ता. क. मामा, तळ हलवताना काल ओल्या दोऱ्या सुटेनात. सहा जणांनी नखं मोडली, लेबोने दातांनी ओढून पाहिलं. तुम्ही ती गाठ घालायला शिकवलीत, सोडवायला शिकवलीच नाहीत. शेवटी सगळ्या कापाव्या लागल्या. आमच्याकडे निदान सुरी होती.