तिरप्या बाजेचं माप

आबा, तुम्ही सुतळीनं विणलेल्या बाजा करून कळंबच्या बाजारात विकायचा. चौकट ठोकली की चारी लाकडं मोजायचं काम माझं. एकदा मी कोपऱ्यातून तिरप्या समोरच्या कोपऱ्यात सुतळी ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतबी. दोन्हीकडं सारखी भरायला पाहिजे, तर एकीकडं वीतभर कमी. म्हटलं, "आबा, बाज कललीया. लाकडं तेवढीच, पण आतली जागा कमी झाली." तुम्ही सुतळी माझ्या हातातून काढून थोरल्या भावाच्या हातात दिली. "भाकरी करपायलीय, तिकडं बघ." भाकरी करपली नव्हती. त्या सुतळीवर थोरला कारागीर झाला, अन् मला तुम्ही दुसरीतूनच काढलं.

आता माझी नात धाराशिवला कॉलेजात गणित शिकती. काल चुलीपाशी कागद घेऊन बसली. म्हणती, "आजी, हे दोन वेक्टर, म्हणजे बाण. चार मितींतले. दोन कडेला दोन बाण धरून चौकट केली, तर आत जागा किती?"

"चार मिती कुठं असत्यात गं? दाखव."

"दाखवता येत न्हाय. मोजता येतं."

"न दिसणाऱ्या बाजा विणायलीस व्हय?"

हसली. एक बाण म्हणजे चार आकडे. पहिला एक, एक, एक, एक. दुसरा एक, एक, शून्य, शून्य. आकड्याला आकडा गुणून बेरीज करायची. पहिल्याची स्वतःशी चार, दुसऱ्याची स्वतःशी दोन, एकमेकांशी दोन. चार दुणे आठ. त्यातनं दोनाचा वर्ग वजा, उरले चार. त्याचं मूळ दोन. तेवढी जागा.

"वजा कशापायी?"

"एकमेकांवर जेवढे कललेत, तेवढी जागा कमी. मिती कितीबी असू दे."

आबा, हे तर मी तुम्हाला सांगितलं होतं! तिला त्याचे मार्क मिळत्यात. तिचा बाप तिला टेबल आणतो, दिवा आणतो, घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत न्हाय. थोरल्यावर जळले तवा मी लहान होते. ह्या वयात नातीवर जळणं शोभत न्हाय. पर जळले, लई जळले.

उद्या तिची परीक्षा. सकाळपासून डबे, गाद्या, सगळं उलथंपालथं करून कागद हुडकायली. आत्ता दारात येऊन विचारती, "आजी, माझा कागद बघितलास का गं?"

मी म्हटलं, "न्हाय. भाकरी करपायलीय, तिकडं बघ."

भाकरी करपली नव्हती, आबा. कागद माझ्या मांडीवर हाय. त्याच्याच पाठीवर हे लिहायलीय.