विश्वाच्या पसाऱ्यात दोन फूट

बदलापूर, शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९९३

अंबरनाथच्या एमआयडीसीत अधिकारी असलेल्या शेजारच्या पाटणकरांनी आज संध्याकाळी मला त्यांच्या गच्चीवर बोलावून दुर्बिणीतून शनी दाखवला. वर्षभर धड बोलत नाहीत. मग आजच एवढा जिव्हाळा का? कुंपण दोन फूट आमच्या बाजूला सरकवावे, ही त्यांची जुनी मागणी. त्यांना गाडीसाठी शेड बांधायची आहे. आमच्या मागील दाराची वाट त्या दोन फुटांतूनच जाते. ती गेली, तर काठी टेकत चालणारी आमची ही विहिरीपर्यंत जाणार कशी?

संशय मनात ठेवूनच डोळा लावला. शनी दिसला, कड्यासकट. इवलासा, स्वच्छ, अधांतरी. क्षणभर मी स्वतःला, कुंपणाला, सर्वांनाच विसरलो, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

नेमका तेव्हाच कानाशी आवाज आला, "अण्णा, या अफाट पसाऱ्यात आपली पृथ्वीसुद्धा धुळीचा कण हो! दोन फुटांचं काय घेऊन बसलात?"

म्हणजे मी क्षुद्र, माझी वाट क्षुद्र. आणि त्यांची शेड तेवढी विश्वाच्या मोजमापातून वगळलेली? की मीच उगाच शंका घेतो आहे?

मी म्हणालो, "अगदी खरं. मग तुम्ही तरी शेडचं काय घेऊन बसलात?"

पाटणकर हसले आणि त्यांनी लगेच दुर्बिणीवर झाकण घातले. म्हणाले, "ढग आलेत, अण्णा."

आकाशात ढगाचा मागमूस नव्हता. मला आणखी थोडा वेळ पाहायचे होते.