चौथ्या रांगेतली तुमची जागा

बाबा, तुमची जागा गेली. चौथ्या रांगेतली, खांबाच्या डाव्या हाताची, जिथून दोन्ही कोपरे आणि पंचांचं टेबल एका नजरेत दिसायचं ती. दुसऱ्या कोणाला मिळाली असंही नाही, कारण आता ती रांगच राहिली नाही. पश्चिमेच्या मैदानातली आपली लाकडी गॅलरी गेल्या उन्हाळ्यात उतरवली आणि कबड्डीचे सामने घोडबंदरच्या अंगाला बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये गेले. मोठं आहे, वर छप्पर आहे, मातीऐवजी मॅट आहे, गार हवा सोडतात. तुम्ही म्हणाला असतात, कबड्डीला गार हवा कशाला, खेळणाऱ्याला घाम यायला नको का? मी तुमच्या वतीने तसं एक-दोघांना म्हणूनही पाहिलं. कोणी हसलं नाही.

या स्थलांतरात आम्हा सीझन पासवाल्यांच्या किती नाकी नऊ आले, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. गॅलरीत कोणाच्या शेजारी कोण, कोणाला पायऱ्या चढवत नाहीत, कोणाला मध्येच दोनदा उठावं लागतं म्हणून कडेची जागा, हे सगळं वर्षानुवर्षं बसून बसून ठरलेलं होतं. कबड्डी मंडळाच्या समितीने ते एका फॉर्ममध्ये बसवायला काढलं. मोबाइलवर भरायचा फॉर्म. 'पसंतीचा ब्लॉक' म्हणून ए ते एच अक्षरं दिलेली, आणि नकाशाचा पत्ता नाही. पासधारकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर महिनाभर नुसती बोंबाबोंब. "ए ब्लॉक म्हणजे पंचांच्या समोर की मागे?" "अहो, ओटीपीच येत नाहीये, कोणाचा आला का?" "इतकी वर्षं पास आहे माझा, आणि मला वरच्या मजल्यावर टाकतायत. लिफ्ट आहे का तिथे?" समितीचं उत्तर काय, तर हात जोडलेलं एक चित्र. मग एक दिवस नोटीस आली की शेजारी शेजारी जागा मिळण्याची हमी देता येणार नाही, घरचा डबा आणि पाण्याची बाटली आत आणता येणार नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जाताना बस मिळते, येताना रिक्षावाल्याच्या हातापाया पडावं लागतं. पश्चिमेला चप्पल घालून चालत निघणारी माणसं आपण. आता सामन्याला जायचं म्हणजे प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं.

डबा बंद झाला याचं मला फार लागलं. सामन्याच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचात, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पहाटेच्या पाळीला गल्लोगल्ली वॉल्व्ह फिरवून, पाणी सोडून आलेले तुम्ही. दारामागे तुमची ती छातीएवढी लोखंडी चावी उभी. अख्खी वस्ती तुम्हाला चावीवाले म्हणूनच ओळखायची. आई म्हणतेय, "एवढा पसारा घालून नंतर आवरायचा कोणी?" आणि तुम्ही तव्यावर अंड्याची पोळी उलटताय, मिरची जास्त घालताय, चपातीत गुंडाळून वर्तमानपत्रात बांधताय. तीन बांधायचात. एक तुमची, एक माझी, आणि एक शेजारी जो कोणी उपाशी आलेला असेल त्याची. तसं कोणीतरी नेहमी निघायचंच.

ती जागा तुम्हाला कशी मिळाली तेही मला आठवतं. मी अकरा वर्षांची होते. सहा वर्षं तुम्ही प्रतीक्षा यादीत होतात, दोरीच्या मागे उभं राहून सामने बघायचात. मग ज्यांची ती जागा होती ते निवृत्त मास्तर वारले. मंडळाची रीत होती: पासधारक गेला की त्या सीझनभर त्याच्या जागेवर झेंडूची माळ, पहिल्या सामन्याआधी माइकवर त्याचं नाव, सगळी गॅलरी दोन मिनिटं उभी. आणि पुढच्या सीझनला ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाची. तो पुढचा माणूस तुम्ही. पास हातात घेऊन तुम्ही चौथ्या रांगेपर्यंत गेलात आणि पहिला सामना पायरीवरच बसून काढलात. मागचे ओरडले, "अहो, जागा मिळाली ना? मग बसा की!" दुसऱ्या सामन्याला तुम्ही उठलात, त्या फळीवर हात ठेवलात आणि हळूच म्हणालात, "मास्तर, येतो हं." मला तेव्हा हसू आलं होतं. शेजारची जागा माझ्यासाठी मिळाली ती आणखी तीन वर्षांनी.

आणि माझ्या जागेच्या पहिल्याच वर्षी तुम्ही मला बोललात ते. मी मैत्रिणीसाठी पुढची एक रिकामी जागा दप्तर ठेवून अडवली होती. ती येणार होती की नाही हेही मला माहीत नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर दप्तर उचललंत, माझ्या मांडीवर आपटलंत आणि दोरीपलीकडच्या गर्दीकडे बोट दाखवलंत. "ती उभी माणसं दिसतायत ना? एका गल्लीला पाणी जास्त वेळ सोडलं की दुसऱ्या गल्लीतल्या बाईची घागर रिकामी राहते. रिकामी जागा अडवायची नाही. कळलं?" मी सामना संपेपर्यंत रडत होते. तुम्ही एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाहीत, पण चपाती अर्धी तोडून माझ्या हातात ठेवलीत.

आता ऐका. तुम्ही गेलात, त्याला नऊ वर्षं झाली. गावी गेलात, तिथेच सगळं झालं, पुण्यानुमोदनाच्या विधीलाही इथलं कोणी नव्हतं. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे परत आले ती एकटीच. दोन महिन्यांनी पासच्या नूतनीकरणाला मंडळाच्या टेबलापाशी गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "बाबा नाही आले?" मी म्हटलं, "गावी आहेत." तसं ते खोटंही नव्हतं. त्यांनी दोन्ही पासांवर शिक्का मारला आणि मी निघून आले. घरी येईपर्यंत मनाला समजावत होते की उद्या जाऊन सांगू. पण सांगितलं की माळ येणार, नाव येणार, आणि पुढच्या वर्षी त्या फळीवर दुसरं कोणीतरी हात ठेवणार. माळ मी सोसली असती. पुढचं वर्ष सोसवलं नसतं. म्हणून दरवर्षी "गावी आहेत", "गुडघ्यांचं दुखणं आहे", "थंडीत प्रवास नको म्हणतात". कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. दिवसभर मी शाळेच्या कार्यालयात बसते आणि पालकांना सांगते, हा दाखला आणा, तो दाखला आणा, त्याशिवाय होणार नाही. आणि संध्याकाळी तुम्ही जिवंत असल्याचा दाखला स्वतःच्या तोंडाने देऊन येते.

नऊ सीझन मी तुमच्या रिकाम्या जागेशेजारी बसले. त्या जागेवर पर्सही ठेवली नाही. तुमच्या पलीकडे ते खाडीकाठच्या जुन्या गावातले काका असायचे, तुमचे कबड्डीतले जोडीदार, पकड चुकली की दोघं एकदम मांडीवर थाप मारायचात ते. मधे तुमची जागा आणि दोन बाजूंना आम्ही दोघं. एरवी बोलायला माझ्याकडे असतं कोण? सीझनचे ते दिवस आणि ते काका. "बाबा बरं हाय ना?" हे त्यांचं पहिलं वाक्य. शेवटच्या दिवशी सुक्या बोंबलांची एक पुडी माझ्या हातात द्यायचे. "गावाला धाड. त्याला सांग, औंदा आला न्हाय, फुडल्या वर्षाला यायाच पायजे." मी हो म्हणायचे. बोंबील भाजायचे, आणि एकटीच खायचे. पहिल्या वर्षी घास उतरला नाही. नंतर उतरायला लागला.

जागावाटपाचा दिवस आला. प्रत्येकाने स्वतः यायचं, फोटो काढून घ्यायचा, पडद्यावरच्या नकाशातून जागा निवडायची. तुमचाही फॉर्म मी भरला होता. तुमच्या नावाचा ओटीपी माझ्याच फोनवर आला. "प्रिय पासधारक, आपले स्वागत आहे." मला एवढं बरं वाटलं तो मेसेज वाचून की मी तो पुसला नाही. नव्या स्टेडियमच्या दारात तीन तास रांग. म्हातारी माणसं पायरीवर बसलेली, पंखा नाही, पुढे कोणाची तरी जोडी तुटली म्हणून भांडण चाललेलं. एक आजोबा म्हणत होते, "बायकोला जी ब्लॉक आणि मला बी? आम्ही काय मध्यांतराला भेटायचं का?" लोक हसत होते, पण त्यांचा चेहरा पडला होता. माझ्या मागे काका उभे होते.

टेबलावर गळ्यात पट्टा अडकवलेली एक बाई लॅपटॉप घेऊन बसली होती. माझा फोटो झाला. "आणि हे दुसरे? तुमचे वडील ना?" मी म्हटलं, गावी आहेत, येऊ शकत नाहीत. "नो प्रॉब्लेम मॅडम, सीनियर सिटिझनना आपण व्हिडिओ कॉलवर घेतोय. लावा त्यांना, एक मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, रेंज नसते. "मग घरातल्या कोणाच्या फोनवर?" मागून कोणीतरी म्हणालं, "चलो ना मॅडम, कितना टाइम." आणि काका माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "लाव, लाव, मनापन बगू दे त्याला. किती वर्सं झाली, तोंड बगितला न्हाय." बाबा, ते हातांनी केस सारखे करत होते.

मी म्हटलं, "वारले ते."

बाईने विचारलं, "ओह, सॉरी. आत्ताच का?" मी म्हटलं, नऊ वर्षं झाली. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत कोणी खोटा दाखला आणला की मी जशी बघते, तसं. मग म्हणाली, "मग एकच जागा मॅडम," आणि एक बटण दाबलं. तेवढ्यात तुम्ही यादीतून गेलात.

मागे वळायची माझी हिंमत होत नव्हती. वळले तेव्हा काका रागावलेले नव्हते, तेच वाईट. नुसते उभे होते. म्हणाले, "मी दर वर्साला बोंबील धाडत व्हतो." आणि मग, "मना सांगाला पायजे व्हतं, पोरी. मी उभा ऱ्हायलो असतो ना दोन मिनटं त्याच्यासाटी." मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचा नंबर आला होता. टेबलावरच्या बाईने त्यांना विचारलं, "यांच्या शेजारी हवीय का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. गुडघ्यांमुळे अगदी खालची जागा घेतली, बी ब्लॉकमध्ये. मी एफ. त्यानंतर मी दोनदा फोन केला, त्यांच्या सुनेने उचलला. ते झोपलेत, म्हणाली. भर सकाळी.

मी तुमच्यापासून एक माणूस तोडला, बाबा. आणि यादीत जो पुढचा असेल, त्याला नऊ वर्षं दोरीमागे उभं ठेवलं. तो कोण हेही मला ठाऊक नाही. तुम्ही असतात तर दप्तर पुन्हा माझ्या मांडीवर आपटलं असतंत. पण तुमच्यावरही माझा राग आहे. त्या शेवटच्या दिवाळीत गावी जाऊ नका म्हणत होते, ऐकलंत का?

गेल्या रविवारी नव्या स्टेडियममधला पहिला सामना झाला. आधी माइकवर जाहिराती झाल्या. गेलेल्यांची नावं वाचायची रीत त्यांनी बंद केलीय, वेळापत्रकात बसत नाही म्हणे. खाली बी ब्लॉकमध्ये काकांची पाठ दिसत होती, तळहाताएवढी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर केबिन रोडला राहणारी एक बाई येऊन बसली, माझ्याच वयाची, पहिल्यांदाच कबड्डी बघायला आलेली. "आप अकेली आती हो?" म्हणाली. मी हो म्हटलं. "मैं भी," म्हणाली, आणि खुर्ची केवढी अरुंद आहे यावरून समितीला जे बोलायला लागली ते थांबेचना. मीही माझ्या परीने भर घातली. शेवटच्या चढाईला ती ओरडली, मीही ओरडले. नंतर दोघी मिळून रिक्षा शोधत फिरलो.

हे पत्र गावच्या पत्त्यावर टाकलं तर पोस्टमन ते चुलत्यांच्या हातात देईल, आणि ते ओटीवर बसून मोठ्याने वाचतील, म्हणून टाकत नाही. काकांना लिहायला हवं होतं, तेही अजून झालेलं नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, आणि इतकं लिहूनही तिच्यापाशी यायला मन धजत नव्हतं. बाबा, ती बाई शेजारी येऊन बसली, तेव्हा मला बरं वाटलं. सामना संपेपर्यंत मला तुमची एकदाही आठवण आली नाही.