सोळावी भाजी

अहमदपूर, भाद्रपद शुद्ध अष्टमी, संध्याकाळ

आज महालक्ष्म्या जेवल्या, माझी अब्रू कशीबशी वाचली.

कचेरीत दिवसभर उर्दू कागद लिहिणाऱ्यानं बागेच्या भानगडीत पडावंच कशाला? लोकांनी मृगात पेरलं, मी दोन महिने उशिरानं, मघात भेंडी लावली. वर घरात ऐटीत सांगून बसलो, "यंदा नैवेद्याला भेंडी परसातली!" सकाळी बघतो तर भेंडी वीतभर. फूलसुद्धा न्हाई.

बायकोनं बाजारातल्या भाज्या मोजल्या. पंधराच! नैवेद्याला सोळा लागतात, अन् सोळावी भेंडी माझ्या भरवशावर सोडलेली. मी परसात जाऊन रागारागानं तण उपटून राहिलो. ती भेंडी तशीच उभी, वीतभर.

तेवढ्यात मागून बायको ओरडली, "अहो, फेकू नका! तण न्हाई, तांदुळज्याची भाजी हाय ती!"

महिनाभर मी हेच रोज उपटून उकिरड्यावर टाकत होतो. आज तीच सोळावी भाजी झाली.

जेवताना सवाष्णींनी तांदुळजा दोनदा मागून घेतला. बायको कौतुकानं म्हणाली, "ह्यांच्या बागेतला हाय." मी मान खाली घालून वरण ओरपलं.

आता उद्या भेंडीच उपटावी काय? तिच्यापायी तांदुळज्याला जागा पुरत न्हाई.