व्हॉल्व्हची टकटक

मिस्त्रीणबाई,

निघताना तू पाठमोरी होतीस. दोन हाका मारल्या, मग ही चिठ्ठी लिहिली.

आपल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह जरा कुठे वाजला की तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "अहो, टकटक ऐकू येत नाही? बंद करा ते धूड!" कव्हर उघडलं की व्हॉल्व्हची फट खरंच वाढलेली निघायची. मेकॅनिक म्हणायचा, "काका, काकूंचे कान भाड्यानं द्या."

हल्ली मला शंका येत होती. म्हणून आज व्हॉल्व्हचा स्क्रू मीच मुद्दाम ढिला केला आणि ट्रॅक्टर खिडकीखाली आणून चालू ठेवला. भांडी हादरत होती. तू भाजी निवडता निवडता हसून विचारलंस, "काय हो, चालू होत नाहीये का?"

मी म्हटलं, "नाही." तेही तुला मान हलवूनच सांगावं लागलं.

चोरून परीक्षा घेतली, रागावू नकोस. फट पुन्हा नीट लावलीय. कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावायला चाललोय. आपली भांडणं बंद होणार नाहीत, लागलं तर चिठ्ठ्यांवर भांडू; मी अक्षर सुधारतो.

दाराला आतून कडी लावू नकोस. लावलीसच, तर मी खिडकीसमोर हात हलवत उभा असेन. अधूनमधून तिकडे बघत जा.