हंड्याखाली गेलेले कागद

॥ श्री ॥

गवीपूर, बेंगळूरु
६ जानेवारी २०२५

चि. उमाकांत यास सोयराक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे क्षेम नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर कितीही हळू बोलले तरी अलकाला पलीकडच्या खोलीत ऐकू जातं. डोळे गेलेल्या पोटच्या पोरीपासून असं लपवायचं म्हणजे पापच, पण तूर्त इलाज नाही.

गेल्या महिन्यात छातीत दुखलं, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. तेव्हापासून एकच घोर लागलाय. ह्यांची पेन्शन मी आहे तोवर. माझ्यामागे ती अलकाला जन्मभर मिळू शकते, असं कचेरीतल्या सौम्याने सांगितलं. कन्नड पोर आहे, मला अज्जी म्हणते. अंधत्वाचा दाखला अलकाकडे आहेच. पण डोळ्यांचा दोष वडील हयात असतानाच सुरू झाला होता, याचा त्या वेळचा कागद हवा. हे गेले २००५ साली. फेब्रुवारी संपेपर्यंत कागद दिला नाही तर अर्ज परत येणार.

कागद कुठून आणू रे? २००१ च्या माघात पोरीला बघायला यायचे होते, तेव्हा डॉक्टरांचे सगळे कागद आपणच न्हाणीघरात हंड्याखाली जाळात घातले. संध्याकाळनंतर दिसत नाही, पुढे हळूहळू सगळंच जाईल, हे पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून. बघायची वेळ दुपारी तीनची धरली. स्वयंपाकघरापासून सतरंजीपर्यंत अकरा पावलं तिच्याकडून घोकून घेतली. शेजाऱ्यांना सांगितलं, चष्म्याचा नंबर आहे स्वल्प. इस्पितळात विचारलं तर इतकी जुनी दप्तरं ते ठेवत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आपण झाकली. आता उघडली तर आत काहीच नाही.

खरं काय ते कळलं होतं एकाच घराला. कसं कळलं देव जाणे, पण चार-आठ दिवसांत मुलाच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी, नकार पाठवला. आणि मी चोवीस वर्षं भजनाच्या बायकांत सांगत आले की त्यांनी हुंड्यासाठी मोडलं. आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहू?

तुझ्याकडे एखादं चिठोरं तरी असेल तर बघ. आशीर्वाद भरपूर आहेत, उत्तर लवकर दे.

सोयराक्का

---

धारवाड
१३ जानेवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी उमाकांतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. पुड्यांच्या कागदांवर अक्षरं गिरवून तू लिहायला शिकलीस, अजून तुझं अक्षर वाण्याच्या यादीसारखं दिसतं. पण या वेळी हसू आलं नाही.

तीन दिवस माळा धुंडाळला. काही नाही. आणि अक्का, एक कबूल करतो. तू आपण जाळलं असं मोठ्या मनाने लिहिलंस, पण युक्ती माझी होती. भावजी नको म्हणत होते. मीच म्हणालो, कागद राहिला तर पोर घरात राहील. कागद गेला आणि पोरही घरातच राहिली.

एक वाट आहे. इथे माझ्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर आहेत. दवाखाना बंद केला, पण जुनी छापील पानं शिल्लक आहेत. २००१ ची तारीख घालून चार ओळी लिहून देतो म्हणाले. खोटं काय त्यात? दोष तर होताच. फक्त कागद आत्ताचा. तू हो म्हण, आठवड्यात पाठवतो.

आणि हे नको असेल तर दुसरी वाट मारतहळ्ळीला जाते. प्रमोदिनीबाई तिथेच मुलाकडे, देवव्रतकडे असतात. पत्ता मागे लिहिला आहे. पण सांभाळून. आम्हाला फसवत होते, असं त्यांनी लिहून दिलं तर कचेरी आपलं एक अक्षर खरं मानणार नाही.

गोळ्या चुकवू नकोस. रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा उमाकांत

---

गवीपूर
२४ जानेवारी २०२५

चि. उमाकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या डॉक्टरांना नमस्कार सांग आणि पानं त्यांच्याकडेच राहू देत. पकडलं गेलं तर पेन्शन जाईल आणि वर अलकाच्या कपाळी शिक्का बसेल. एकदा तुझी युक्ती ऐकली तेवढं पुरे, मुकाट बस.

काल मारतहळ्ळीला गेले. अलकाला सांगितलं, मठात भजनाला जाते. दोन बस, दोन तास. नवव्या मजल्यावरचं घर. प्रमोदिनीबाईंनीच दार उघडलं. ओळखलं त्यांनी, पण या म्हणाल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या. कॉफी आली. मी काय काय बोलले ते धड आठवत नाही. शेवटी विचारलं, तुम्हाला तेव्हा सांगितलं कोणी?

त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीने.

उमा, मी पेला खाली ठेवला. बघून गेल्यावर तिसऱ्या दिवशी अलकाने देवव्रतला पत्र टाकलं होतं. सगळं लिहिलं होतं, कधीपासून दिसत नाही, डॉक्टर काय म्हणाले. ते पत्र बाई पत्रिकांच्या डब्यात जपून आहेत. तुम्ही गावभर हुंड्याचं सांगत फिरता ते माझ्या कानावर येत होतं, म्हणाल्या. एकदा पत्र घेऊन मठाच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि मागे फिरले, कारण आईबाबांना हे कळू देऊ नका, असं पोरीने खाली लिहिलं होतं. नकार मी डोळ्यांसाठीच दिला, त्याची मला लाज वाटते, पण हुंडा मागितला नव्हता.

मी पदर पसरला. त्या म्हणाल्या, पत्र तिचं आहे. ती येऊन मागेल तर देईन, तुम्हाला नाही.

आता अलकाला सांगायचं कसं? जिने माझ्यापासून झाकलं तिच्यापासून मी झाकतेय. सौम्याचा फोन आला होता, दिवस थोडे राहिलेत म्हणून. छातीत धडधडतं.

आशीर्वादाला काही कमी नाही, धीर मात्र तूच पाठव.

सोयराक्का

---

धारवाड
३० जानेवारी २०२५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र हाती पडल्या पडल्या अलकाला सांग. स्वयंपाक नंतर. आणि कागद जाळल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं तर एकटीचं नाव घालू नकोस. माझं वेगळं करून, सही करून सोबत पाठवतो आहे. मामाने एवढं तरी करावं.

पायाशी जागा असू दे.

उमाकांत

---

गवीपूर
२६ एप्रिल २०२५

चि. उमाकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. परवा आदेश आला. माझ्यामागे पेन्शन अलकाला, जन्मभर. सौम्याने फोनवर वाचून दाखवला, तरी मी कचेरीत जाऊन कागद हातात घेतला तेव्हा खरं वाटलं.

फोनवर मी रडत होते, तू रडत होतास, कुणाला काही समजलं नाही. म्हणून सगळं नीट लिहिते.

तुझं पत्र आलं त्या सकाळी अलका अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती. मी सांगत गेले, पेन्शनचं, कागदांचं, मारतहळ्ळीचं. तिचे हात काही थांबले नाहीत. शेवटी विचारलं काय, तर गोळी घेतलीस का आई. मग म्हणाली, अकरा पावलं तुम्ही शिकवलीत, त्या घरात गेल्यावर बारावं कोण मोजून देणार होतं? म्हणून लिहिलं. शेंगा घेऊन सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. प्रमोदिनीबाईंनी पत्र पाकिटासकट तिच्या हातात दिलं. तिने पाकीट चाचपलं आणि मला वाचायला सांगितलं. किती सुंदर अक्षर होतं रे तिचं, मी विसरूनच गेले होते! लिहिलं होतं, तुम्ही दुपारी आलात म्हणून तबक सांडलं नाही. दिवे लागले की मला भिंत आणि माणूस वेगळं कळत नाही. तुम्ही चांगले वाटलात, म्हणून सांगते. वाचताना मी दोनदा अडखळले. तिने पुढची ओळ पाठ म्हणून दाखवली.

पाकिटावर टपालाचा शिक्का होता, फेब्रुवारी २००१. सौम्याने भिंगातून बघितलं, चालेल म्हणून मान हलवली आणि सरी अज्जी, सरी म्हणाली. सोबत तुझं आणि माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. कागद मी माझ्या हाताने जाळले, हे वाक्य लिहिताना पेन जड झालं, पण लिहून झाल्यावर बरं वाटलं. भजनाच्या बायकांनाही हुंड्याचं खोटं होतं म्हणून सांगून टाकलं. त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

एक सांगायचं राहिलं. पत्र तेव्हाच पोचलं होतं, असं प्रमोदिनीबाईंनाही लिहून द्यावं लागलं. न्यायालयाजवळच्या टायपिंगच्या दुकानात आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. टाइप करणाऱ्याने मान वर न करता विचारलं, अर्जदाराशी नातं काय लिहू? खरंच काय सांगणार? बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, लिहा, होणारी सासू. झाले नाही, तेही लिहा.

त्याने तसंच लिहिलं.

घरात सौ. नयनाला आशीर्वाद. माझा जीव आता तुमच्या सगळ्यांवर मोकळेपणाने आहे, तुमचाही असू द्या.

सोयराक्का