खोडलेली सहावी जॉयस्टिक

१२ जानेवारी, रविवार, पडेगाव

आज लई जळतंय. खोटं कशाला लिहू?

घरी संगणकावरच्या खेळात खऱ्या गावांवरून विमान उडवायचं तर जॉयस्टिक चांगली हवी, म्हणून तीन महिने मी नुसता शोधतोय. वहीत सहा जॉयस्टिकची यादी केलीय. कुणासाठी? अण्णांसाठी. आमचे वडील जन्मात विमानात बसले नाहीत. देवगाव रंगारीचं आमचं वावर त्यांना वरून दाखवायचं होतं. मला!

आणि दाखवलं कुणी? शेजारच्या इरफाननं. हा नाद त्याला मीच लावला. त्यानं एका दिवसात जॉयस्टिक आणली आणि आज अण्णांना बोलावून नेलं. आल्यापासून अण्णा थांबेनात. "विहीरसुदिक दिसली रे! विमान मीच वळवलं, व्हय!"

मी म्हटलं, "त्याची साधीच आहे. माझ्या यादीत ती शेवटची होती." किती हलकट बोललो.

"आसंल. पर माझ्या डाव्या हातात बसली."

डाव्या हातात. घ्यायच्या आधी इरफाननं विचारलं होतं म्हणे, "चाचा, तुमी पण चालवणार ना? कोणत्या हातानं धरता?"

वही उघडली. पहिल्या पाचही फक्त उजव्या हाताच्या. सहावी मी खोडलेली, शेजारी माझंच अक्षर: "दोन्ही हातांना चालते, उपयोग नाही."

तीन महिने जगाला विचारत बसलो. लहानपणी अण्णांच्या थपडा कायम माझ्या उजव्या गालावर बसायच्या, एवढं तरी आठवायला हवं होतं.